माहेरची कल्हई

“सतरा चोक अडुसष्ट,” म्हणून मुकुल थांबला, तो थांबलाच. तारामती भाकरी थापत होती. तिची पाठ त्याच्याकडं होती आणि कान अर्धेच होते. या घरात पाढे ऐकायचे नसतात, ते आपले चालू असतात, नळ चालू असावा तसे. नळ बंद झाला की मात्र लगेच कळतं. तिनं हलक्या आवाजात ‘सतरा पाचा’ म्हणून पाहिलं, म्हणजे तेवढा धागा धरून पोरगं पुढं जाईल. पण मागून काहीच नाही. वळून पाहिलं तर मुकुल भिंतीकडं बघत बसलेला. “आई, अडुसष्टच्या पुढं काय असतं?” विसरलो म्हणाला असता तर एक धपाटा बसला असता आणि विषय मिटला असता. पण तो विसरलो म्हणाला नाही. सतराच्या पाढ्यात पुढं काही असतं हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, असं त्यानं विचारलं. गेल्याच गणपतीत या पोरानं गल्लीच्या मांडवात एकोणतीसपर्यंत पाढे धडाधडा म्हणून स्टीलचा डबा जिंकला होता. सात वर्षांचं पोर, माईक डोक्याच्या वर, माईकवाल्यालाच तो खाली ओढून धरावा लागला होता. आता तोच डबा घेऊन रोज शाळेत जातो आणि निम्मा भरलेला परत आणतो. तव्यावरची भाकर करपली. तिनं ती उलथली आणि म्हणाली, “पंच्याऐंशी.” मुकुलनं मान डोलावली आणि पोट धरून आडवा झाला.

लातुरात पाढा विसरणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. बाकीच्या गावात पोरगं बुद्धीनं जरा मंद निघालं तर शेती आहे, दुकान आहे, काही ना काही आहे. लातुरात बुद्धी हेच शेत आणि हेच दुकान. भिंतीभिंतीवर गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो, हार घातलेले, म्हणजे नवख्या माणसाला वाटावं एवढी तरणी पोरं एकदम कशानं गेली. तिचा नवरा सुदर्शन एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. एका वेळी तीनशे पोरं समोर. रात्री जेवताना तो लोकांच्या पोरांची वाटणी करायचा, “त्याला डोकं आहे,” “त्याला नाही.” सुपात धान्य पाखडावं तसं. तारामती स्वतः प्राथमिक शाळेत मास्तरीण, तिला हे आवडायचं नाही. पण मुकुलचा विषय निघाला की सुदर्शन काय बोलेल ते तिला पाठ होतं आणि ते ऐकायला तिला गोड वाटायचं, खोटं कशाला बोला. “आपल्याला तर डोकंच डोकं आहे,” असं म्हणून तो मुकुलच्या केसात हात फिरवायचा. चौथीची स्कॉलरशिप तर हातातलीच होती. तो हात अलीकडं फिरत नव्हता हे तिच्या त्या दिवशी लक्षात आलं, भाकर करपल्यावर.

पोटदुखी होळीपासूनची. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग शाळेतून बोलावणंच यायला लागलं. जंताचं औषध झालं, लिंबू-मीठ उतरवून झालं, ओवा-हिंग झालं. पोरगं पांढरं पडत चाललं, चिडकं झालं, हातातली पाटी उगाच आपटायला लागलं. शेवटी बालरोगतज्ज्ञ विरूपाक्ष डॉक्टरांकडं नेलं. ते शांत गृहस्थ, पोराशी आधी आणि आईबापाशी नंतर बोलणारे. त्यांनी सहज विचारलं, “बाहेरचं काही खातो का?” झालं. त्या एका सहज प्रश्नानं तारामतीच्या डोक्यात जे पेटलं ते घरी येईपर्यंत भडकून गेलं. बाहेरचं म्हणजे गुरम्माचं.

गुरम्मा खालच्या मजल्यावर मेस चालवायची. निलंग्याकडची बाई, नवरा गेलेला, आवाज खणखणीत. किनवट, हदगाव, मुखेडहून क्लाससाठी आलेली चाळीस पोरं तिच्याकडं जेवायची आणि त्या चाळिसांत आमचे हे एकेचाळिसावे, फुकटचे. “ये मुकुलप्पा,” म्हणून ती हाक मारायची आणि हा पायऱ्या दोन-दोन उतरत पळायचा. धपाटं, शेंगाची चटणी, सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला, सणाला वाटीभर गव्हाची हुग्गी. तारामतीनंच तर त्याला सवय लावली होती. शाळेतून यायला तिला उशीर व्हायचा, पोरगं तोवर गुरम्माच्या चुलीपाशी असायचं, आणि तिला निवांत वाटायचं. आता त्याच निवांतपणाचा तिला संताप आला. ऐन जेवणाच्या वेळेला ती खाली उतरली. पंगत बसलेली होती. तिनं तेलाचा डबा उघडून हुंगला, पाण्याच्या माठात हात घातला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “काय घालून राहिल्यात तुम्ही पोरांच्या पोटात? माझं पोरगं वाळून चाललंय.” गुरम्माच्या हातात वरणाची बादली होती. ती एवढंच म्हणाली, “अय्यो बाई, माजं लेकरू बी हेच खातंय की.” पण तोवर पोरांनी हात आखडले होते. हे घास थांबलेले हात तारामतीनं पाहिले आणि तिला, लाज वाटायची सोडून, बरं वाटलं. पंधरा दिवसांत चाळिसातली अकरा पोरं राहिली. मुकुल जिन्यावर बसायचा, खाली जायचा नाही. त्याला खालून कुणी हाकही मारायचं नाही. आणि पोट दुखायचं थांबलं नाही ते नाहीच.

पाढ्यानंतर दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा विरूपाक्ष डॉक्टरांकडं गेली. या वेळी त्यांनी मुकुलचा खालचा ओठ दोन बोटांनी उलटा केला आणि बराच वेळ बघत राहिले. हिरडीच्या कडेला, दातांच्या मुळाशी, बारीक निळसर रेघ होती. तिनं ती रोज दात घासताना पाहिली होती आणि जांभळं खाल्ली असतील म्हणून सोडून दिली होती. डॉक्टर म्हणाले, “रक्त हैदराबादला पाठवू. मला शिशाचा संशय आहे.” शिसं म्हटल्यावर तिला आधी शिसपेन्सिलच आठवली. “पेन्सिल चावतो हा, मी किती वेळा सांगते...” डॉक्टर हसले नाहीत. पेन्सिलीत शिसं नसतंच, म्हणाले. “रिपोर्ट येईपर्यंत एक करा, बाई. हा काय काय खातो ते पंधरा दिवस लिहून काढा. कुणी केलं, कुठं खाल्लं, आणि कशात शिजलं तेही. भांडं विसरू नका.” आता तक्ता आखणं म्हणजे तारामतीच्या हातचा मळ. तिनं घरी येऊन वहीत पट्टीनं रकाने आखले: दिवस, वेळ, पदार्थ, कुणी केलं, भांडं. पहिल्या ओळीत तिनं लिहिलं, ‘दूध, घरी, स्टील’. दुसऱ्या ओळीत, ‘भाकर, घरी, तवा’. तिसऱ्या ओळीत, ‘चिंचेचं सार, घरी’, आणि तिथं पेन जरासं अडकलं. मग तिनं लिहिलं, ‘स्टील’.

आपण खोटं लिहिलं असं तिला वाटलंच नाही. हे नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण पुढं तिनं स्वतःला यावरून किती छळलं याला हिशेब नाही. सार ज्या पातेल्यात व्हायचं ते पातेलं तिच्या लेखी भांड्यात जमाच नव्हतं. ते पितळी, गोल बुडाचं, एका अंगाला खोल पोचा पडलेलं, आणि काठावर टोचून कोरलेलं: ‘सौ. प्रेमला माधवराव, १९६४’. प्रेमला म्हणजे तिची आई, आणि माधवराव वडील. तेरणेच्या काठच्या त्या गावात त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक दमून झोपले आणि पहाटे जमीन हलली, त्यात दोघंही गेले, घर गेलं, गल्ली गेली, गावच्या वेशीचा दगडसुद्धा कुठं होता ते सांगता येईना. तारामती तेव्हा नांदेडला, वजिराबादेत भाड्याच्या दोन खोल्यांत. आईचं पत्र आलं होतं, गौरीला ये. तिनं शाळेला सुटी नाही असं उलट कळवलं. सुटी होती. माहेरी गेलं की आई सारखी मूलबाळ कधी म्हणून विचारणार, ते तिला नको होतं. आणि मुकुल तेव्हा पोटातच होता, फक्त तिला ठाऊक नव्हतं. दोन आठवड्यांचं गुपित तिच्या अंगात होतं आणि ते ऐकायला जी टपून बसली होती ती दगडाखाली गेली. हे सुदर्शनलाही तिनं सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगितल्यानं हलक्या होतात म्हणतात, पण तिला त्या हलक्या करायच्याच नव्हत्या.

महिन्याभरानं दारात चंद्रप्पा उभा राहिला. चंद्रप्पा त्यांच्या गावचा कल्हईवाला. पंचक्रोशीत भाता खांद्यावर घेऊन फिरायचा, लहानपणी तारामतीला कोळशाजवळ बसू द्यायचा. तिच्या आईला अक्का म्हणायचा, म्हणून तो मामा. त्याची बायको आणि दोन पोरं त्याच पहाटे गेली होती. एस.टी.नं नांदेडपर्यंत आला होता, अंगावर मदतीतला दुसऱ्याच्या मापाचा सदरा, काखेत पोतं. पाण्याचा तांब्या पुढं केला तर नको म्हणाला. पोत्यातून पातेलं काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. “तारे, घर न्हाई सापडलं. ह्ये सापडलं.” एवढंच बोलला. तारामती ते पातेलं पोटाशी धरून इतकी रडली, की शेजारची बाई धावत आली. आईचं काही काही उरलं नव्हतं तिच्याकडं, फोटो नाही, लुगडं नाही. हे पातेलं तेवढं होतं आणि ते आणून देणारा हा माणूस होता. मग एक रिवाजच पडला. आखाजीच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा चंद्रप्पा यायचा, आधी नांदेडला, मग ते लातूरला आले तर लातूरला. गल्लीतल्या लिंबाखाली खड्डा करून भाता लावायचा. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, नाकात झणझणायचं, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं तो असा हात मारायचा, की काळं पातेलं आतून चांदीचं व्हायचं. मुकुल टाळ्या पिटायचा. आणि दर वेळी तारामती पाकीट काढायची, दर वेळी चंद्रप्पा दोन्ही कानांना हात लावायचा. “लेकीकडून पैसं घेत नसतेत.” ती पाकीट मिटायची आणि तिचे डोळे भरून यायचे. शाळेत मधल्या सुटीत तिनं हे बायांना कितीदा सांगितलं असेल! तुमची माहेरं अजून उभी आहेत, पण माझ्या माहेरच्या माणसासारखा माणूस आणा बघू, असा तिचा सूर असायचा. आई चिंचेचं सार याच पातेल्यात करायची, म्हणून तीही त्यातच करायची. आई रात्रीचं उरलेलं त्यातच झाकून ठेवायची, सकाळी मुरून चांगलं लागतं म्हणून, तर तीही ठेवायची. सुदर्शनला आंबट सोसत नसे. ती स्वतः पळीभर घ्यायची. बाकी सगळं मुकुलचं. “आज्जीचं सार,” म्हणून तो वाटी तोंडाला लावायचा आणि चाटून पुसून स्वच्छ करायचा. आता सांगा, असल्या पातेल्याचं नाव कुणी आजाराच्या यादीत घालील काय?

रिपोर्ट आला त्या दिवशी सुदर्शनही बरोबर होता. डॉक्टरांनी आकडा सांगितला, मग तो किती असायला हवा तो सांगितला, आणि फिजिक्सच्या मास्तरला दोन आकड्यांमधलं अंतर कळायला वेळ लागला नाही. तो खुर्चीत मागं टेकला. डॉक्टर वही वाचत होते. “सगळं स्टील,” म्हणाले, “सगळं घरचं. मेसचं खाणं तर पंधराही दिवस नाहीच दिसत. मग येतंय कुठून?” आणि तेव्हा मुकुल, आजोबांच्या वयाच्या त्या माणसाच्या टेबलावर हनुवटी टेकून वहीतल्या ओळी वाचत होता तो, बोट ठेवून म्हणाला, “आई, हे चुकलंय. सार तर तू आज्जीच्या पातेल्यात करतेस.” पोराचा स्वर बिनघोर होता, आईच्या वहीत चूक सापडली याचा उलट आनंद होता त्याला. डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. “कसलं पातेलं?” “पितळी,” ती म्हणाली. “पण कल्हई असते, डॉक्टर. वर्षातून दोनदा. आमच्या माहेरचाच माणूस करतो, अगदी घरचा.” ‘घरचा’ म्हणताना तिचा आवाज चढला होता, कुणी भांडायला आल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, “कल्हईत शिसं असेल तर ते आंबटात उतरतं. घरी जा. पातेलं कोरडं करा आणि आतून पांढरा कागद घासून बघा. चांगल्या कथलाची खूण उमटत नाही, शिशाची उमटते.”

घासायला कागद मुकुलनंच आणला, गणिताच्या वहीतला. तारामतीनं पातेलं मांडीवर घेतलं. एकदा हात फिरवला. कागदावर राखी रंगाचा फराटा उठला. पुन्हा फिरवला, पुन्हा उठला. मुकुल खाली वाकून बघत होता, त्याच्या डोळ्यांत कित्येक दिवसांनी जरा चमक आली. “आई, पातेल्यानं लिहिता येतंय की!” त्यानं कागद ओढून घेतला आणि तो पातेल्यावर रेटून काहीतरी गिरवायला लागला. तिनं खसकन पातेलं हिसकावलं, त्याचा हात धरून मोरीत नेला आणि साबणानं चोळचोळ चोळला, लाल होईपर्यंत. पोरगं रडायला लागलं. सुदर्शन दारात उभा राहून म्हणाला, “तू काय करून राहिलीस, तारा? त्याचा काय गुन्हा आहे त्यात?” तिला आई दिसत होती, पातेल्यातून पळीनं सार वाढणारी, आणि मनात एकच वेडंवाकडं वाक्य फिरत होतं, अगं, तूसुद्धा? गौरीला आले नाही त्याचा सूड उगवलास काय माझ्या लेकरावर? आईवर असा आळ घेणारी लेक! पण त्या दुपारी तिनं तो घेतला, आणि मग चुलीपाशी बसून आईची माफी मागितली, आणि तरी पातेल्याला हात लावला नाही.

औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं शिसं हळूहळू उतरेल, पोट थांबेल, रक्त भरेल. तिनं विचारलं, “आणि डोकं?” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काही परत येईल. सगळं येईल असं मी सांगत नाही. लहान वय आहे, वाट बघू.” वाट बघू. लातुरात कुणी कशाची वाट बघतं काय? तिथं तर पोरं पहाटे पाचला क्लासला उभी असतात. सुदर्शननं त्यानंतर लोकांच्या पोरांची डोकी पाखडणं सोडलं. जेवताना नुसता जेवायचा. एकदाच म्हणाला, “तुझ्या मामाला मी पोलिसात देतो.” ती म्हणाली, “त्याला काय ठाऊक? बाजारात भेसळीचं कथील मिळालं असेल, त्यालाच फसवलं असेल कुणी. येऊ दे, मी बोलते.” हे ती नवऱ्याला सांगत होती आणि त्याहून जास्त स्वतःला. गुरम्माकडं मात्र जाणं भाग होतं. ती खाली गेली तेव्हा गुरम्मा एकटीच कोथिंबीर निवडत बसलेली. तारामतीनं सगळं सांगितलं, चुकलं म्हणाली, पाया पडायला वाकली. गुरम्मानं पाय मागं घेतले. “राहू द्या, बाई. तुमचं लेकरू बरं होऊ द्या. माजी पोरं गेली ती काय आता येतेत?” मग उठून तिनं एक धपाटं कागदात गुंडाळलं आणि म्हणाली, “तव्यावरचं हाय. लोखंडी.” असं बोलणं ऐकून घ्यायची पाळी आपणच आणली, हे तारामतीला कळत होतं. तिनं धपाटं घेतलं आणि जिना चढली. तो जिना चढायला तिला फार वेळ लागला.

दसऱ्याला आठ दिवस राहिले तशी एका सकाळी आरोळी आली, “कल्हईऽऽय!” मुकुल सवयीनं उठला आणि मग आईकडं बघून परत बसला. तारामती लगेच खाली गेली नाही. खिडकीतून बघत राहिली. चंद्रप्पा लिंबाखाली बसला होता, म्हातारा झाला होता, भाता ओढताना खांदा वर जात होता. समोरच्या ढगेवहिनींनी मोठं तपेलं दिलं, त्यानं ते चांगलं तासभर लावून करून दिलं. ढगेवहिनींनी त्यात डोकावून पाहिलं, पदरानं घासलं, पदर उजेडात धरला, मग घरात नेलं. तारामती त्यांच्याकडं गेली. “वहिनी, जरा तपेलं बघू.” तिच्या मुठीत मुकुलच्या वहीतलं पान होतं. तिनं ते तपेल्यात आतून घासलं, एकदा, दोनदा, जोर लावून. कागद पांढरा तो पांढराच. ढगेवहिनी म्हणाल्या, “काय हो?” ती म्हणाली, “काही नाही. छान झालीय कल्हई.” त्या पांढऱ्या कागदाकडं बघताना तिला जे झालं ते निळ्या रेघेनं झालं नव्हतं, रिपोर्टातल्या आकड्यानं झालं नव्हतं. बाजारानं चंद्रप्पाला फसवलं नव्हतं. खरं कथील त्याच्या पिशवीत होतं.

ती पातेलं घेऊन लिंबाखाली गेली. “ये तारे, म्हन्लं लेक कशी आली न्हाई अजून,” चंद्रप्पा हसला. हसताना त्याच्या हिरड्या दिसल्या. त्याही निळ्या होत्या, आणि आजवर तिला ती मिसरी वाटली होती. तिनं पातेलं त्याच्यापुढं ठेवलं आणि राखी फराट्याचा कागद वर ठेवला, शेजारी पांढरा. काय झालंय ते एका दमात सांगितलं, पोट, हिरडी, हैदराबाद, सतराचा पाढा. म्हाताऱ्याचा हात भात्यावर होता तो तिथंच राहिला. नाही म्हण, ती मनात म्हणत होती, एकदा नाही म्हण, मी मान्य करते. “मामा, ढगेवहिनींना खरं आणि मला हे?”

“दोन-तीन साल झाले,” तो म्हणाला. “आदी खरंच लावत होतो. कथील लई महाग झालं. मग जुन्या बॅटरीच्या प्लेटा वितळून थोडं थोडं... तेवढ्यानं लेकराला हुईल असं वाटलं न्हाई गं. आयचान.”

“पण मलाच का?”

“लोक बगून घेतेत. घासून बगतेत. तू कदी बगितलं न्हाईस.”

“मी कशाला बघू? तू माझ्या माहेरचा! आणि पैसे मी देत नव्हते काय? दर वेळी पाकीट काढत होते. तूच म्हणालास, लेकीकडून घेत नसतात.”

चंद्रप्पानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात, कसं सांगावं, जुना साठलेला राग होता. “म्हनावं लागतंय की, तारे. माहेरच्या मानसाला तसं म्हनावंच लागतंय. आन् लेकीनं तरी द्यायचं असतंय. पदरात टाकायचं, खिशात कोंबायचं. मी एकदा न्हाई म्हन्लो की तू पाकीट मिटायचीस. दर साली. कोळसा इकत, नवसागर इकत, एस.टी.चं तिकीट इकत. यायचं तर बंद करता येईना, अक्काचं पातेलं. मग काय करू मी?”

गल्लीत कुठं कुकरची शिट्टी झाली. तारामतीला तिच्या भरून येणाऱ्या डोळ्यांची आठवण झाली, मधल्या सुटीतल्या त्या बायांची, आपल्या अभिमानाची, आणि अंगावर झुरळ चढावं तशी किळस आली. यात त्याची किती आणि स्वतःची किती, हे निवडत बसायचं त्राण तिच्यात नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की नऊ वर्षं जे माहेर तिनं सांभाळलं ते फक्त तिच्याच बाजूनं होतं. तिनं कमरेचं पाकीट काढलं. त्यातली पाचशेची नोट काढली आणि त्याच्यापुढं धरली. दुखवायला धरली होती. तरी आत, अगदी तळाशी, एक वेडी आशा होती, की तो दोन्ही कानांना हात लावील. आज तरी, या बोलण्यानंतर तरी, खरेपणानं लावील.

चंद्रप्पानं नोटेकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग कोळशानं काळा झालेला हात धोतराला पुसला, नोट घेतली, नीट चौघडी घालून टोपीत ठेवली. “चिल्लर न्हाई माज्याकडं,” तो म्हणाला.

“राहू द्या,” तारामती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला अहोजाहो करत होती आणि दोघांनाही ते ऐकू आलं. त्यानं निखाऱ्यावर पाणी मारलं, भाता उचलला. पातेल्याकडं एकदा वळून बघितलं, काठावरच्या नावाकडं, पण हात लावला नाही. पुढच्या गल्लीतून त्याची आरोळी आली, नेहमीसारखीच लांब ओढलेली. ती पातेलं घेऊन जिना चढली. वर मुकुल, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी, पाढा म्हणत होता. आई कशावरून तरी रुसली आहे आणि पाढा म्हटला की आई हसते, एवढं त्याला अजून आठवत होतं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. आणि आवाज थांबला. तारामती पातेलं छातीशी धरून उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पंच्याऐंशी तिच्या ओठावर आलं होतं, ते तिनं दातांखाली दाबून धरलं आणि वाट बघत राहिली.